तिप्पण्णा आणि मालकांच्या गाडीतली खरखर

आवाजाचं दुखणं घेऊन बहिऱ्याच्या दारात जायचं, हे काही महिपतीला पटत नव्हतं. पण इलाज उरला नव्हता. नव्या पेठेतल्या चार रेडिओवाल्यांनी त्याला एकच सल्ला दिला होता, हा जुना डबा उपटून टाका आणि नवा ट्रान्झिस्टर बसवा. पाचव्यानं तेवढेही कष्ट घेतले नाहीत. त्यानं कापडाच्या एका दुकानाच्या जिन्याकडे बोट दाखवलं. "त्याच्याखाली तिप्पण्णा बसतोय बघा. ऐकू येत न्हाय त्याला. पण इचारून बघा की," असं म्हणून तो गालातल्या गालात हसला. महिपतीच्या डोक्यात तिडीक गेली, तरी पाय जिन्याकडे वळले.

जिन्याखाली एक माणूस आणि त्याचा पसारा जेमतेम मावेल एवढी जागा. त्यात साठीला टेकलेला एक काटकुळा गृहस्थ मांडी घालून बसला होता. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, मांडीवर पोट उघडलेला रेडिओ, आणि त्या रेडिओच्या स्पीकरवर उजव्या हाताचं एक बोट. बातम्या चालू होत्या आणि हा त्या बोटानं चाचपत होता. त्यानं मान वर करून पाहिलं, तसा महिपती ओठातल्या ओठात पुटपुटला, "ह्या बहिऱ्याला काय कळनार, कपाळ!"

"बहिरा हाय, आंधळा न्हाय की," तिप्पण्णा म्हणाला. "बसा."

महिपतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो पायरीवर टेकला.

त्याचं असं होतं, तिप्पण्णानं एकोणीस वर्षं सोलापुरातल्या एका गिरणीत काढली होती. काम चामडी पट्टे सांधायचं. मागखात्यात शेकडो माग एकदम खडखडायला लागले की तिथं साक्षात ब्रह्मदेव येऊन बोलला तरी कुणाला ऐकू जायचं नाही, म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात. त्या खडखडाटानं तिप्पण्णाचे दोन्ही कान खाल्ले. डाव्या कानाशी ओरडलं तर थोडंफार पोचायचं, एवढंच. पण ओठ तो रस्त्यापलीकडचेही वाचायचा. त्यामुळे तिप्पण्णाच्या नजरेच्या टप्प्यात उभं राहून कुणी कुणाची निंदा करत नसे. आणि असा हा माणूस गिरणी सोडल्यावर वळला कशाकडे, तर रेडिओ दुरुस्तीकडे! पेठेनं महिनाभर हसून घेतलं. मग घराघरातले रेडिओ नीट वाजायला लागले आणि हसणं हळूहळू कमी झालं. अगदी थांबलं नाही. सोलापूरकर एवढ्यात हातचं गिऱ्हाईक सोडत नाहीत.

"मो-टा-री-त-ला रे-डि-ओ हा-य," महिपती जबडा फाकवून म्हणाला.

"सरळ बोला. तोंड फाडलं की वाचता येत न्हाय."

महिपतीनं सरळ सांगितलं. गाडी वीरभद्रप्पा मालकांची. मालकांचा चादरींचा घाऊक व्यापार, आणि गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली, एकोणीसशे एकोणचाळीस सालची, अमेरिकेत बनलेली. रेडिओ तिच्या जन्मापासून तिच्या पोटात. आज चौऱ्याहत्तर साल चालू होतं, म्हणजे पस्तीस वर्षांचा झाला. इंजिन बंद असताना तो कसाबसा बोलायचा. इंजिन सुरू केलं की अशी खरखर सुटायची की बोलणाऱ्याचा गळा कुणी दाबतंय असं वाटावं. दहा वर्षांपूर्वी मालक वैतागून म्हणाले होते, "बंद कर ते," तेव्हापासून तो बंद. आता महिपतीनं दुरुस्तीचं विचारल्यावर मालकांनी त्याच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं आणि एकच अट घातली. "मूळचा रेडिओ हाय, तो मूळचाच राहिला पाहिजे. गाडीला एक भोक नवीन पडलेलं चालणार नाही."

"ते बरोबर हाय मालकाचं," तिप्पण्णा म्हणाला. "कधीपतूर पाहिजे?"

"पुढच्या मंगळवारच्या आत. बारा दिवस हायेत."

"मंगळवारीच का?"

आता हे महिपतीनं मालकांनाही सांगितलं नव्हतं. पण ह्या माणसासमोर बसलं की जिभेवर आलेलं परत गिळायची सोय नव्हती. ओठ हलले की त्याला कळलंच. महिपतीनं खिशातून पोस्टकार्ड काढून पुढं केलं.

कार्ड त्याच्या लेकीचं होतं, मथुराचं. पोरगी एकोणीस वर्षांची, सांगलीला मास्तरणीचं शिक्षण घेत होती. तिनं लिहिलं होतं, की आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर माझं एक गाणं घेतलंय, मंगळवारी दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी बायकांच्या कार्यक्रमात लागेल. आजीचा पाळणा म्हटलाय. आई, तू शेजारच्या ट्रान्झिस्टरवर नक्की ऐक. कार्डाच्या डोक्यावर 'ती. सौ. आईस' असं होतं. बापाचं नाव कुठंच नव्हतं. शेवटी नमस्कार सांगायच्या ओळीतसुद्धा नव्हतं.

ह्याला कारण होतं, आणि ते महिपतीला पाठ होतं. मथुरा दहा वर्षांची असताना तो गाडीखान्यात गाडी धूत होता आणि ही मागच्या सीटवर बसून आजीचा पाळणा म्हणत होती. काचा वर असल्या की गाडीत आवाज घुमतो, म्हणून तिला तिथंच गायला आवडायचं. त्या दिवशी मालकांकडे हैद्राबादचे पाहुणे आले होते. समोरच ओसरीवर बसलेले. पोरीचा आवाज चढला, तसं महिपतीनं ओसरीकडे पाहिलं. मालक काय म्हणतील? त्यानं ओलं फडकं टपावर सपकन मारलं आणि ओरडला, "तोंड बंद कर! मालकाची गाडी हाय ही, तुज्या आज्याची न्हाय!" पोर गप्प झाली. आणि बापासमोर गाणं जे थांबलं, ते नऊ वर्षं थांबलेलंच राहिलं. घरात, आडावर, शेजारणींत ती गायची. महिपती दारात आला की ओळ अर्ध्यात तुटायची. असा हा आपल्याच घरात चोरासारखा बाहेर उभा राहून लेकीचं गाणं ऐकायचा, तेही धड नाही.

कार्ड वाचून झाल्यावर त्यानं बायकोला, बजाबाईला विचारलं होतं, "माजं नाव का न्हाय घातलं तिनं?"

बजाबाई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मला कुटं वाचता येतंय? ह्या घरात कार्ड कोन वाचतं, हे तिला ठाव न्हाय व्हय?"

ते वाक्य महिपतीच्या मनात रुतून बसलं. त्याला ते गाणं ऐकायचं होतं. पण त्याच मंगळवारी मालकांना अक्कलकोटला लग्नाला न्यायचं होतं, बारा बावन्नचा मुहूर्त, आणि ती गाडी महिपतीशिवाय कुणाच्या हाताला बधत नव्हती. बारा वाजून पाच मिनिटांनी तो रस्त्यात असणार होता. मालक वेळेचे इतके पक्के की वाटेत गाडी थांबवा म्हणायची बावीस वर्षांत कुणाची छाती झाली नव्हती. महिपतीनं तर बावीस वर्षांत स्वतःसाठी काहीच मागितलेलं नव्हतं. तेव्हा चालत्या गाडीत, त्याच रेडिओवर, सांगली लागली तर लागली.

तिप्पण्णानं कार्ड दोनदा वाचलं आणि परत दिलं. "सांगली लांब हाय," तो म्हणाला. "दिवसा आवाज लई बारीक येतो. थोडी जरी खरखर ऱ्हायली तर त्यात बुडून जाईल." मग पत्र्याची पेटी उचलून तो उठला. "चला, बघू."

दुपारी मालक वामकुक्षी घेत तेवढा वेळ गाडी मोकळी असायची. गाडीखान्यात शिरल्यावर तिप्पण्णानं आधी गाडीला नमस्कार केला, मग चपला काढून आत बसला. रेडिओ लावला. आतले व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट गेलं. मग त्यानं महिपतीला इंजिन सुरू करून गाडी जरा मागं-पुढं घ्यायला सांगितलं, आणि ती बदनाम खरखर सगळ्या गाडीत भरली. महिपतीनं कान झाकले. तिप्पण्णानं डोळे मिटले, स्पीकरच्या जाळीतून करंगळी आत सारून कागदी पडद्यावर टेकवली, आणि एक पोलादी सळई दातात धरून तिचं दुसरं टोक रेडिओच्या डब्यावर टेकलं. तसाच तो किती वेळ बसला कोण जाणे. ओठावर आलेला घामही त्यानं पुसला नाही.

डोळे उघडून तो म्हणाला, "चार हायेत."

"काय चार?"

"खरखर एक न्हाय. चार हायेत, एकात एक घुसलेल्या. एक मुंगी चावल्यावानी टोचती, इंजिनाच्या तालावर. ती प्लगांची. दुसरी डासावानी, इंजिन पळलं की चढती. ती डायनामोची. तिसरी दगडावर दगड घासल्यावानी, तिला ताल न्हाय. ती एरियलच्या बुडाशी हाय. चौथी..." तो थांबला. "चौथी आत्ता न्हाय. पण मगाशी गाडी मागं-फुडं घेतली तवा पायाला लागली व्हती मला. ती गाडी चालताना येती. कुटनं येती ते ठाव न्हाय."

महिपतीनं इंजिन बंद केलं. दोन धड कान असून बावीस वर्षांत त्याला एकच खरखर ऐकू आली होती. आणि ह्या बहिऱ्यानं तिच्यातली एकेक वेगळी काढून, नावनिशीवार, त्याच्या पुढ्यात मांडली. जिन्याखाली पुटपुटलेले शब्द आठवून त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं तिप्पण्णासाठी मालकिणीकडून चहा मागून आणला. चहासाठीही तो पहिल्यांदाच त्या दारात गेला होता.

पहिल्या दोन खरखरी आठवडाभरात गेल्या. प्लगांच्या तारांना तिप्पण्णानं आवाज दाबणारे छोटे नग जोडले, डायनामोला कंडेन्सर लावला, बॉनेट आणि बॉडी यांच्यात तांब्याची विणलेली पट्टी जुन्याच बोल्टाखाली दाबून बसवली. भोक एकही नवं पाडलं नाही. दर वेळी काम झालं की तो करंगळी आत घालायचा आणि म्हणायचा, "मुंगी गेली." "डास गेला." महिपती कानांनी ऐकून खात्री करायचा. दर वेळी खरं निघायचं. पुढं पुढं तो खात्री करायच्या भानगडीत पडला नाही.

तिसरीच्या वेळी मात्र गोची झाली. एरियल पुढच्या डाव्या अंगाला, बॉनेटच्या बाजूला उभी. तिप्पण्णानं तिच्या बुडाचा नट सोडवला आणि आतला भाग उचलून धरला. सगळा हिरवागार. तांबं कळकून, गंजून, त्याचा भुगा झालेला. त्यानं तो भुगा बोटावर घेतला, वास घेतला, आणि जिभेला लावला.

"हितं पानी कुनी ओततंय," तो म्हणाला. "साधं न्हाय. गोडसर."

महिपतीच्या तोंडचं पाणी पळालं. दर अमावस्येला गाडीपुढं नारळ फोडायचा त्याचा रिवाज होता. सगळेच ड्रायव्हर फोडतात. पण बाकीचे नारळाचं पाणी चाकांवर शिंपडतात. महिपती मात्र ते एरियलच्या बुडाशी घालायचा. एवढ्या लांबून माणसाचा शब्द ज्या काडीतून गाडीत उतरतो, तिथंच गाडीचा देव असणार, असं त्याचं साधं गणित होतं. बावीस वर्षं, दर महिन्याला, हळद-कुंकू लावून, हात जोडून. ज्या रेडिओला मालकांनी वैतागून बंद केलं, त्याचा गळा त्यानंच भक्तिभावानं धरला होता.

त्यानं सगळं सांगून टाकलं. आवाज फुटत नव्हता, पण तिप्पण्णाला त्याची गरज नव्हती.

"मालकाला सांगनार काय तुमी?" महिपतीनं विचारलं.

"काय सांगायचं? नारळ फोडला म्हनून?" तिप्पण्णा कपाळावरची विभूती चोळत म्हणाला. "म्या बी सळईला रोज इभूती लावतो. देवाला पानी चालतं की. तांब्याला न्हाय चालत. हितनं फुडं चाकापाशी घाला." आणि तो वाकून ते बूड घासायला लागला. खाली लख्ख तांबं दिसेपर्यंत त्यानं घासलं आणि वर मेणाचा हात दिला. महिपती शेजारी उभा राहून बघत होता. रागावण्याचा पुरा हक्क असलेला माणूस रागावला नाही, याचं त्याला राहून राहून नवल वाटत होतं.

आता उरली चौथी. शनिवारी दोघं गाडी घेऊन विजापूर रस्त्याला गेले. गाडी उभी असली की रेडिओ शांत. चालायला लागली की 'सर्रर्र'. उतारावर महिपतीनं इंजिन बंद करून गाडी नुसती सोडली, तरी 'सर्रर्र' चालूच. ब्रेक दाबला की थांबायची, सोडला की पुन्हा. सांगली लावून पाहिली. खोल कुठंतरी एक बाई बोलत होती, पण शब्द एकही हाती लागत नव्हता.

"कुनीतरी जवारी पेरतंय आत," तिप्पण्णा करंगळी न काढता म्हणाला. "इंजिनाची न्हाय. मग कुनाची?"

रविवारी तो आला नाही. महिपती नव्या पेठेत गेला, तर हा जिन्याखाली कामाला हात न लावता बसलेला. डोळ्यांत झोप नव्हती. महिपतीनं विचारलं, त्यावर "सापडंना," एवढंच तो म्हणाला. परवा मंगळवार. महिपती घरी आला आणि जेवला नाही. बजाबाईनं दोनदा विचारलं, मग तीही ताट झाकून बसली. एवढ्या जवळ येऊन लेकीचं गाणं पुन्हा अर्ध्यातच तुटणार, असं त्याला वाटायला लागलं होतं.

सोमवारी दुपारी त्यानं तिप्पण्णाला जवळजवळ ओढूनच आणलं. पुन्हा विजापूर रस्ता, पुन्हा ती जवारी. चैत्रातलं ऊन, रस्ता तव्यासारखा, हवेत पाण्याचा थेंब नाही. हरलेल्या मनानं महिपतीनं गाडी बाजूला घेतली, खाली उतरला आणि दार लावायला कडीला हात घातला.

"आई गं!" त्याचा हात झटकन मागे आला. बोटाला चटका बसला होता.

तिप्पण्णा त्याच्या ओठांकडे बघत होता. मग हाताकडे. मग गाडीच्या चाकाकडे. आणि तो बहिरा माणूस भर रस्त्यात एवढ्यांदा हसला की शेजारच्या रानातली म्हातारी खुरपं टाकून उभी राहिली.

"पट्टा!" तो ओरडला. "पट्टा हाय की हो ह्यो!"

महिपतीला काही कळेना. तिप्पण्णानं त्याला रस्त्याच्या कडेला बसवलं आणि सांगितलं. गिरणीत भिंतीपासून मागांपर्यंत चामड्याचे लांब लांब पट्टे फिरायचे. चैत्र-वैशाखात हवा कोरडी झाली की फिरून फिरून त्यांच्यात वीज साठायची. जवळून हात गेला तरी चटका. मागावरचं सूत उभं राहायचं, एकमेकाला चिकटायचं. मग जमिनीवर पाणी मारायचे आणि पट्ट्याजवळ तांब्याच्या तारांची फणी टांगून ठेवायचे. ती फणी पट्ट्यातली वीज गुपचूप जमिनीत सोडून द्यायची.

"एकोनीस वर्सं म्या त्या फण्या टांगल्या," तो म्हणाला. "आन दोन दीस ह्या चाकाकडं बघून मला सुचलं न्हाय! रबराचं चाक कोरड्या रस्त्यावर फिरतंय. त्यात वीज साठती. आत बेअरिंगला ग्रीस, ते तिला आसाकडं जाऊ देत न्हाय. मग ती थोडी थोडी उडी मारती. तीच जवारी. ब्रेक दाबला की वाट मिळती, म्हनून थांबती."

"मग आता?"

"फणी टांगायची."

चाकाच्या मधोमध ग्रीस झाकणारी पितळी टोपी असते. तिच्या आत बसेल आणि आसाच्या टोकाला टेकून राहील अशी एक स्प्रिंग पाहिजे होती. तीही दोन, दोन्ही पुढच्या चाकांना. महिपतीनं डिकीतली आपली रात्री हातात धरायची बॅटरी काढली, तिची मागची टोपी उघडली आणि आतली स्प्रिंग तिप्पण्णाच्या हातावर ठेवली. दुसरी तिप्पण्णाच्या स्वतःच्या बॅटरीतली. त्या संध्याकाळी दोघांच्याही घरी बॅटरी पेटली नाही.

स्प्रिंगा बसवून त्याच रस्त्यानं गाडी परत निघाली. रेडिओ चालू होता, काटा दोन केंद्रांच्या मधे. इंजिन चालू, चाकं फिरतायत, आणि आवाज नाही. मुळीच नाही. महिपतीला वाटलं रेडिओ मेला. त्यानं घाबरून तिप्पण्णाकडे पाहिलं. तिप्पण्णाची करंगळी जाळीत होती.

"हाय," तो हळूच म्हणाला. "जिता हाय. गप बसलाय फकस्त."

ती शांतता महिपती कधी विसरला नाही. त्याच गाडीत तो बावीस वर्षं बसला होता, आणि आज पहिल्यांदा तिच्यात कुणाची तरी वाट बघावी एवढी जागा झाली होती.

मंगळवारी साडेअकराला गाडी निघाली. मागं वीरभद्रप्पा मालक, जरीचा फेटा बांधून. पुढं महिपतीशेजारी तिप्पण्णा. त्याचं गाव अक्कलकोटच्या अलीकडे, आणि लांबच्या रस्त्यावर रेडिओ तपासतो म्हणून मालकांनीच त्याला घेतलं होतं. वळसंग मागं पडलं. बारा वाजले. महिपतीनं आरशात मालकांकडे पाहिलं. शेवटी त्यानं घसा खाकरला.

"मालक, रेडिओ लावू का? माज्या पोरीचं गानं हाय सांगलीवर."

आरशात मालकांच्या भुवया वर गेल्या. "कधी?"

"आत्ता. पाच मिंटात."

मालकांनी घड्याळ पाहिलं. मुहूर्ताला पाऊण तास होता. ते म्हणाले, "मग गाडी घे की बाजूला. थांबून ऐक."

बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. महिपतीचा पाय ब्रेककडे गेलाही. पण मालकांचे शब्द तिप्पण्णानं मागं वळून वाचले होते. तो एकदम फुगून बसला. "थांबायचं असतं तर म्या बारा दीस काय केलं मालक? चालू द्या."

महिपतीनं पाय काढून घेतला. काटा सांगलीवर नेला.

निवेदिकेचा आवाज आला. बारीक, लांबचा, पण एकेक शब्द निवडून घ्यावा असा. तिनं नाव सांगितलं, मथुरा महिपती, आणि बापाचं नाव सांगलीहून, माणदेश ओलांडून, एवढ्या रानांवरून उडत येऊन त्याच्याच गाडीत उतरलेलं ऐकून महिपतीनं आवाज आणखी वाढवला. मग पाळणा सुरू झाला.

त्याच्या आईचा पाळणा, सारजाबाईचा. माढ्याच्या घरात ह्याच पाळण्यानं तो स्वतः झोपला होता. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. पोरीचा आवाज आईसारखा नव्हता, जाडसर होता, भरलेला होता. पण तिसऱ्या ओळीच्या मध्यावर, शब्द संपायच्या आधीच, आई एक श्वास घ्यायची. चुकीच्या जागी. ओळ लांब आणि दम तोकडा म्हणून. मथुरा त्या ओळीशी आली, आणि महिपतीला स्पष्ट ऐकू आलं. पोरीनं नेमका तिथंच श्वास घेतला. तो बारीकसा, ओढून घेतलेला श्वास, चालत्या गाडीत, फिरत्या चाकांवर.

रस्ता त्याला दिसेनासा झाला. त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि गाडी सरळ धरून ठेवली. तिप्पण्णानं केव्हाच करंगळी काढून सबंध तळवा जाळीवर पसरला होता. त्याचे डोळे मिटलेले होते.

गाणं संपलं. मग मागून मालकांचा आवाज आला.

"हीच का रे ती? गाडीखान्यात गायची?"

"व्हय मालक."

"त्या दिवशी हैद्राबादच्या पाहुण्यांनी मला विचारलं, कोण गातंय म्हणून. बोलवा म्हणाले तिला इकडं. मी उठलो, तोवर गाणं थांबलं होतं."

मालक हे सहज म्हणाले. त्यात बोल लावण्यासारखं काही नव्हतं. पण महिपतीच्या काळजात ते आरपार गेलं. नऊ वर्षं. मालक रागावतील म्हणून त्यानं जे दाबलं, ते ऐकायला मालक स्वतः उठून येत होते. चाक हातात होतं म्हणून बरं.

तिप्पण्णानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "एक इचारू? मधी एकदा ती थांबली. हाताला कळलं मला. गानं तुटलं काय तितं?"

"न्हाय," महिपती त्याच्याकडे तोंड करून म्हणाला. "श्वास घेतला तिनं."

"तुमाला ऐकू आला?"

"आला."

तिप्पण्णाचा चेहरा असा उजळला, की त्याला स्वतःला ऐकू आलं असतं तरी एवढा उजळला नसता. "श्वास ऐकू आला," तो स्वतःशीच दोनदा म्हणाला, आणि मग अक्कलकोट येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. स्वतःच्या गावाचा फाटा मागं पडला, तेही त्याला कळलं नाही.

लग्नाच्या पंगती बसल्या तेव्हा महिपती पोस्टात गेला आणि एक कार्ड घेऊन गाडीच्या पायरीवर टेकला. लिहायची त्याला सवय नव्हती. तिप्पण्णा शेजारी उभा राहून त्याचे ओठ वाचत होता, कारण महिपती एकेक शब्द आधी तोंडानं म्हणायचा आणि मग कागदावर उतरवायचा.

'चि. मथुरास आशीर्वाद. गाडी चालवताना ऐकलं. तिसऱ्या ओळीत आजी श्वास घ्यायची तिथंच तू घेतलास, तो पण ऐकू आला. सुट्टीला आलीस की गाडीखान्यात ये. काचा वर करून मागं बस. मी गाडी धूत असेन.'